अल्बर्ट किंग : सरावाची नोंद, स्टॅक्सचा काळ

रियाजात आता अमेरिकन ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगचा, स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीतला काळ आलाय, आणि जितकं आत जावं तितका हा माणूस मोठा वाटतोय. १९२३ साली मिसिसिपीत जन्म, आर्कान्सात बुलडोझर चालवून पोट भरणं, काही काळ ब्लूज गायक जिमी रीडच्या मागे ड्रम, मग सेंट लुइस, १९६१ मध्ये चाललेलं एक गाणं. १९६६ साली मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत आला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. तिथे बुकर टी. अँड द एमजीज् ही कंपनीची घरची मंडळी साथीला मिळाली आणि १९६७ ला 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' हा अल्बम आला.

त्या रेकॉर्डचं मर्म मला एमजीज्च्या अल जॅक्सनच्या ड्रममध्ये दिसतं. ठेका सोल संगीताचा, घट्ट, जराही न हलणारा. त्यावर अल्बर्ट एक ओळ गातो, गिटारवर तिला उत्तर देतो आणि थांबतो. ते थांबणं साधायला बेंडपेक्षा, म्हणजे तार ओढून स्वर चढवण्यापेक्षा, जास्त वेळ जातोय.

बेंड कसा, तर अल्बर्ट डावखुरा. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा, म्हणजे बारीक तारा वरच्या बाजूला. आपण पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार वर ढकलतो. तो खाली खेचायचा, सतारिये मींडेसाठी बाजाची तार ओढतात तशी. शिवाय तारा उतरवून सैल केलेल्या, आणि पिकऐवजी अंगठा. आपण पहिली तार खाली ओढायला गेलो तर ती गिटारच्या मानेवरून निसटते. म्हणून मी गिटार एक स्वर उतरवून ०.००९ इंची बारीक तारा चढवल्यात आणि बेंडला तीन बोटं एकत्र लावतोय.

सध्या एकच जागा घोटतोय. दुसऱ्या तारेचा दहावा पडदा सा धरा. पहिल्या तारेवर त्याच पडद्याला मध्यम मिळतो. तो ओढून पंचम, आणि तार न सोडता पुढे शुद्ध धैवत. शेजारी आठव्या पडद्यावर कोमल गंधार आहे. अल्बर्ट तो शुद्ध गंधाराकडे किंचित उचलतो आणि अधेमधेच ठेवतो. सगळा ब्लूज त्या फटीत आहे असं माझं ठाम मत झालंय.

हे हातात बसलं की त्याच्याकडून उचलणारे बाकीचे लगेच ओळखू येतात. १९६७ चा क्रीम बँडमधला गिटारवादक एरिक क्लॅप्टन ऐका, किंवा १९८३ मध्ये डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स'वर गिटार वाजवणारा स्टीव्ही रे वॉन : थेट अल्बर्टचीच बोली. त्याच वर्षी डिसेंबरात कॅनडातल्या हॅमिल्टनच्या टीव्ही स्टुडिओत अल्बर्ट आणि स्टीव्ही एकत्र वाजवायला बसले. ते रेकॉर्डिंग जरूर ऐका, आणि अल्बर्ट किती कमी स्वरांत भागवतो तिकडे लक्ष द्या.

पुढे १९६८ चं सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहातलं लाइव्ह रेकॉर्डिंग घेणार आहे. तोवर, कुणी धैवतापर्यंतचा बेंड ०.०१० च्या तारांवर, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये घेत असेल तर मनगट कसं ठेवता ते नक्की कळवा.