दाजी, भात नको!

हवं तेवढं खायच्या हॉटेलात खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मेहुण्याने फर्मान काढलं, "दाजी, भाताला हात लावायचा नाही. भात म्हणजे मालकाचा फायदा."

मेहुण्याला साताऱ्याहून टेक्सासला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. अजून त्याच्या डोक्यात प्रत्येक डॉलरचे रुपये होत होते. माणशी ३३ डॉलरचे रुपये त्याने दारातच केले, क्षणभर गप्प झाला, आणि मग अंगाला माती लावून आखाड्यात उतरावं तसा आत शिरला. दुपारचं जेवण त्याने मुद्दाम टाळलं होतं. "सकाळी नुसते पोहे खाल्लेत," असं तो मला दोनदा म्हणाला. पोह्यांबरोबर दोन केळी आणि चहा-बिस्किटं गेली होती, पण ती तो धरत नव्हता.

डॅलसच्या उत्तरेला कॅरलटन नावाचं गाव आहे. तिथल्या ओल्ड डेंटन रोडच्या आसपास इंग्रजीइतक्याच कोरियन पाट्या दिसतात. आम्ही एरवी तिथे एच मार्ट या कोरियन सुपरमार्केटमध्ये मासे घ्यायला जातो. मी मालवणकडचा, त्यामुळे डोक्या-शेपटीसकट बांगडा समोर बर्फावर पडलेला दिसला की माझा आठवडा बरा जातो. त्या दिवशी मात्र मासळीकडे न बघता आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मेहुणा आणि दहा वर्षांची लेक, कोरियन बार्बेक्यू आणि हॉटपॉटच्या हॉटेलात शिरलो होतो. टेबलावरच भाजा, रश्श्यात उकळा आणि हवं तेवढं खा. कोरियात याला 'मुहान रीफिल' म्हणतात, ही माहिती लेकीची. मुहान म्हणजे अंत नसलेलं.

या अंत नसलेल्या जेवणाचे नियम प्लास्टिकमध्ये मढवून टेबलावर उभे केलेले होते. वेळ दोन तास. एका खेपेला मांसाच्या तीनच बश्या. टेबलावरच्या सगळ्यांनी अनलिमिटेडच घ्यायचं, एकाने घेऊन चौघांनी खायचं नाही. ताटात टाकलंत तर वजन करून वेगळे पैसे. मेहुण्याने शेवटचा नियम मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "टाकायचा प्रश्नच नाही."

त्याच्या गणिताला पहिला धक्का मेन्यूनेच दिला. आम्ही बीफ खात नाही. आणि अशा ठिकाणी महागाचा माल म्हणजे बीफच. फासळीची गाल्बी, मुरवलेल्या कापांची बुलगोगी, कागदासारखे पातळ काप, सगळं त्यातच. तो निम्मा मेन्यू गळाल्यावर उरलं डुक्कर, कोंबडी, कोळंबी आणि माकूल. "म्हणजे आपण इतरांच्या बीफचे पैसे भरतोय," मेहुणा खिन्नपणे म्हणाला. खोटं नव्हतं. बायको तर शाकाहारीच, तिचं सगळं चित्त हॉटपॉटकडे होतं: मश्रूम, टोफू, चिनी कोबी, कमळकाकडी. तवा धुतलेला, नवा आणा, असं दोनदा सांगून तिने तो आणवला.

टेबलाच्या मधोमध गॅसची शेगडी, शेजारी खळगीत पातेलं, डोक्यावर धूर ओढणारा हत्तीच्या सोंडेसारखा पाइप. मागवायला टॅबलेट. बटण दाबायचं, बशी येते. पहिल्या खेपेची बशी घेऊन ज्या बाई आल्या त्या साठीच्या असाव्यात. केस घट्ट बांधलेले, कमरेला एप्रन, एप्रनच्या खिशात चिमटा आणि चक्क कात्री.

लेक एकदम म्हणाली, "इमो, कामसाहामनिदा!"

कामसाहामनिदा म्हणजे धन्यवाद. बाईंचा चेहरा उजळला. त्या कोरियनमध्ये बरंच काही बोलल्या, त्यातलं लेकीला काही कळलं नाही, कारण तिचं कोरियन गाण्यांपुरतं. पण इमो हा शब्द तिने बरोबर उचलला होता. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. आत्याला वेगळा शब्द आहे, कोमो. आणि कोरियात खाणावळीत वाढणाऱ्या बाईला गिऱ्हाईक सरळ इमो म्हणतं. हे ऐकल्यावर मला त्या हॉटेलात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. पुण्यात सदाशिव पेठेत मी तीन वर्षं ज्यांच्या हातचं जेवलो त्यांनाही आम्ही मावशीच म्हणायचो. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

ती खाणावळही तशी अनलिमिटेडच होती. महिन्याचे पैसे आगाऊ, गावी गेलो तर खाडा, पोळ्या हव्या तेवढ्या. पण 'हव्या तेवढ्या'ला मावशींच्या भुवईची सीमा होती. चौथ्या पोळीपर्यंत भुवई जागेवर. पाचवीला हलायची. सहावी मागितली की मावशी विचारायच्या, "परीक्षा आहे का रे?" पोरांची भूक आणि खाणावळीचा हिशेब यांची ही रोजची कुस्ती होती, आणि कोणी कोणाला कायमचं चीत केलं नाही.

कॅरलटनच्या इमोने डुकराच्या पोटाकडच्या मांसाच्या लांब पट्ट्या तव्यावर अंथरल्या. याला सामग्योपसाल म्हणतात. साम म्हणजे तीन, ग्योप म्हणजे पदर, साल म्हणजे मांस: तीनपदरी. चरबीचे आणि मांसाचे पदर खरोखर दिसतात. तीनाची ही आवड एवढी की कोरियात ३ मार्चला, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या तीन तारखेला, सामग्योपसाल दिवस असतो. पट्ट्या कडेने वळायला लागल्या, चरबी पाझरून उताराने खाली गेली, आणि मग इमोने चिमट्याने एक टोक उचलून धरलं आणि कात्रीने कचाकच तुकडे केले. मेहुणा बघतच राहिला. आपल्याकडे स्वयंपाकघरात कात्री असते ती दुधाच्या पिशवीसाठी.

खायची रीतही तिनेच दाखवली. तळहातावर लेट्यूसचं पान. त्यावर मांसाचा तुकडा, लसणाची भाजलेली चकती, सोयाबीन आणि मिरचीच्या आंबवलेल्या वाटणाचं बोट, थोडी किमची. पान चारी बाजूंनी मिटायचं आणि अख्खं तोंडात. अर्धं चावायचं नाही. विड्यासारखंच. गालफड फुगतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि निदान मिनिटभर माणसाला बोलता येत नाही. मेहुण्याला मिनिटभर गप्प बसवणारा पदार्थ मी प्रथमच पाहत होतो.

मात्र तव्याची एक गंमत आहे. ज्याच्या हातात चिमटा, त्याचं जेवण मागे पडतं. इमो दुसऱ्या टेबलाकडे गेली तसा चिमटा माझ्याकडे आला. हा तुकडा उलट, तो करपतोय, लेकीला शिजलेला दे, कोळंबी मेहुण्याच्या बाजूला सरकव. ३३ डॉलर देऊन मी स्वयंपाक करत होतो.

तिकडे पातेलं उकळायला लागलं होतं. त्याला मधून पडदा होता, एका बाजूला मश्रूमचं पाणी, दुसऱ्या बाजूला लाल, माला म्हणतात ते. प्राण्याची चरबी नसलेला माला आहे का, हे बायकोने विचारून घेतलं होतं. हॉटपॉट खरा चीनचा, आणि माला सिचुआन-चोंगछिंगकडचा. मा म्हणजे बधिर करणारं, ला म्हणजे तिखट. मी एक घोट घेतला आणि थांबलो. ओठांवर मुंग्या. जिभेच्या शेंड्यावर बारीक वीज. हे मला माहीत होतं. डोळे मिटले असते तर समोर आईचं बांगड्याचं तिखलं आलं असतं.

"तिरफळ!" मी म्हणालो.

"कुठे?" मेहुण्याने पातेल्यात डोकावून विचारलं. साताऱ्याच्या माणसाला तिरफळ काय कळणार!

पण ते तिरफळाचंच भावंड होतं. सिचुआनची मिरी म्हणतात ती मिरी नव्हेच. ती आणि आपली तिरफळं एकाच कुळीतली, झँथोझायलम. दोन्हींचं बी टाकायचं आणि टरफल वापरायचं, दोन्हींनी जीभ बधिरते. आणि ज्या मिरचीच्या जोडीने ती येतात ती मिरची ना कोकणची, ना चीनची, ना कोरियाची. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून पूर्वेला आली, आणि आता टेक्सासमध्ये मी ती कोरियन हॉटेलात चिनी रश्श्यात खात होतो. मिरची एवढी फिरली, पण आईला ती गावठीच वाटते.

तासाभराने वेग मंदावला. मेहुण्याने कमरेच्या पट्ट्याचं एक भोक मागे घेतलं. टॅबलेट त्याच्याच हातात होता, आणि तो अजून बटणं दाबत होता. मला वाटतं खरी अडचण इथेच आहे. आपल्या पंगतीत काम वाटून दिलेलं असतं. वाढणाऱ्याने आग्रह करायचा, जेवणाऱ्याने नको म्हणायचं. ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडते, आणि खाणाऱ्यावर हावरटपणाचा ठपका येत नाही. "ते ऐकेनातच," असं म्हणून मोकळं होता येतं. इथे आग्रह करणारेही आपणच आणि नको म्हणणारेही आपणच. त्यात आग्रह करणाऱ्याने आगाऊ पैसे भरलेले, म्हणजे तोच जिंकणार.

अशा एकरकमी जेवणाचं अमेरिकेतलं एक गाजलेलं ठिकाण लास व्हेगासमधलं, एल रांचो व्हेगास. १९४० च्या दशकात तिथे एका डॉलरमध्ये हवं तेवढं खायला मिळायचं, म्हणजे जुगारी रात्री भुकेने उठून दुसरीकडे जाऊ नयेत. हे मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, "आणि आपण जुगार न खेळता हरतोय." दोन तास संपायला वीस मिनिटं होती. बशीत डुकराच्या सात-आठ पट्ट्या होत्या, कच्च्या. वाट्यांतली बानचान, म्हणजे किमची, मोड आलेलं कडधान्य, बटाटे, तेही उरलेलं. स्टीलची झाकणाची भाताची वाटी तर आल्यापासून बंदच.

त्या वाटीचीही एक गोष्ट आहे. १९७० च्या दशकात तांदळाच्या टंचाईपायी कोरियाच्या सरकारने हॉटेलातल्या भातावर बंधनं घातली, आणि १९७६ मध्ये सोल शहराने वाटीचं मापच ठरवून टाकलं: तोंड १०.५ सेंटिमीटर, उंची ६. अनलिमिटेडच्या टेबलावर ती मोजून-मापून केलेली वाटी गप्प बसून होती.

मी पट्ट्या तव्यावर टाकल्या. भाजल्या. कोणी खाईना. लेकीने पोट धरून डोळे मिटले होते. मेहुणा म्हणाला, "रुमालात बांधू?" बायकोने त्याच्याकडे पाहिलं. बायकोचं पाहणं मावशींच्या भुवईपेक्षा जुनं आहे, तो गप्प बसला.

तेवढ्यात इमो आली. तव्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि खिशातून कात्री काढली. पट्ट्यांचे बारीक बारीक तुकडे केले. उरलेली किमची त्यात कापली. मग भाताच्या वाटीचं झाकण काढलं आणि भात त्यावर उपडा केला, शेजारच्या बंद वाट्याही एकामागून एक. वर तिळाचं तेल, चुरडलेला समुद्री शेवाळाचा कागद. उलथन्याने दाबून दाबून परतलं आणि तव्यावर पसरून ठेवलं. बोक्कुमबाप, ती म्हणाली. आमच्या भाषेत फोडणीचा भात. सात-आठ पट्ट्यांचा चौघांना पुरेल एवढा डोंगर झाला होता.

मेहुण्याने ताटलीवर आडवा हात धरला. "नो, नो, इमो. फुल. फुल!"

इमो हसली. हात बाजूला सारून तिने दोन उलथनी भात वाढला.

त्याने घास घेतला. मग दुसरा. थोड्या वेळाने मला म्हणाला, "दाजी, खालची खरवड जरा इकडे सरकवा."