सुट्टी दहा चाळीसला, गाडी साडेपाचला

लातुरात एका पन्नास खाटांच्या दवाखान्यात मी टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर, बसतो. अकरा वर्षं झाली. डेस्क म्हणजे जिन्याखालची जागा. एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, आणि स्कॅनर अडकला की त्याच्या पाठीत घालायला जुनं पंचांग. विमा कंपनीला कागद पाठवायचे आणि उत्तराची वाट बघायची, एवढंच काम. पेशंटच्या नातेवाइकांना मात्र वाटतं, मीच कंपनी.

२०२५ च्या फेब्रुवारीत देवणीकडचे एक मामा ॲडमिट झाले. पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलेलं. मुलगा पुण्यात नोकरीला, त्यानं २०१८ साली काढून दिलेली पॉलिसी. कॅशलेसचा, म्हणजे कंपनीनं बिल थेट दवाखान्याला द्यायचा, अर्ज टाकला आणि तासाच्या आत क्वेरी आली : मधुमेह कधीपासून? पहिल्या निदानाचा कागद द्या.

नियमानं एका तासात उत्तर द्यायचं असतं. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात ते लिहिलेलं आहे. पण क्वेरी हेही उत्तरच, नाही का!

झालं असं होतं की आमच्या आरएमओनं, म्हणजे निवासी डॉक्टरनं, केसपेपरवर लिहिलं होतं, ‘डायबेटिस, दहा वर्षांपासून’. आणि पॉलिसीच्या फॉर्मवर मधुमेहापुढे ‘नाही’. आमच्याकडं ‘धा वर्सं’ हे काही मोजमाप नाही. लग्नाला धा वर्सं, बोअर आटल्याला धा वर्सं, पोरगा रुसून गेला त्याला धा वर्सं. नवा आरएमओ बाहेरगावचा, त्यानं ऐकलं तसं लिहिलं. मी खाटेजवळ जाऊन विचारलं, “मामा, नीट आठवून सांगा, शुगर कव्हा निघाली?”

“मिरजेहून पाण्याची रेल्वे आली बघा, त्या साली.”

म्हणजे २०१६. दहा नाही, नऊ. पण पॉलिसीच्या आधीचीच. फॉर्म एजंटनं भरलेला, मामांनी फक्त सही केलेली. मुलाला विचारलं तर म्हणाला, एजंटनं ‘शुगर-बिगर काही नाही ना’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेला. मी तिथं नव्हतो, त्यामुळं कुणाचं खरं ते सांगत नाही. संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं : आजार लपवला, कॅशलेस नामंजूर.

त्याच्या दोन वर्षं आधी मी तो कागद मामांच्या हातात देऊन ‘पैसे भरा, नंतर बघू’ म्हणालो असतो. तेव्हा आठ वर्षं अखंड पॉलिसी चालल्याशिवाय कंपनीचा लपवाछपवीचा आक्षेप संपत नसे. १ एप्रिल २०२४ पासून ती मुदत पाच वर्षांवर आली. साठ महिने हप्ता न चुकता पॉलिसी चालू असेल तर ‘तुम्ही हे सांगितलं नव्हतं’ या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक असेल तर गोष्ट वेगळी, पण ती सिद्ध करायची कंपनीनं. मामांची पॉलिसी ऑगस्ट २०१८ ची, नव्या नियमानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये नूतनीकरण झालेली. साडेसहा वर्षं. आठच्या हिशेबात अडकले असते, पाचच्या हिशेबात सुटले.

एक मेख होती. पॉलिसी आधी दोन लाखांची होती, २०२२ मध्ये तीन केली. वाढवलेल्या एक लाखाची पाच वर्षं वाढवल्या दिवसापासून वेगळी मोजतात. पण बिल ऐंशी हजारांच्या आतच बसणार होतं, त्यामुळं त्या लाखाला हात लावायची गरज नव्हती.

सातही पॉलिसींची पहिली पानं स्कॅन केली (पंचांग दोनदा वापरावं लागलं) आणि चार ओळींचं पत्र जोडलं. शेवटची ओळ अशी होती : दावा नाकारायचा असेल तर तो तुमच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीनंच नाकारला पाहिजे, तसा निर्णय झाला असल्यास कळवा. ही कमिटीची अटही त्याच परिपत्रकातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरी आली, काही न बोलता. मामी मला दुपारी डब्यातली धपाटी देऊन गेल्या. त्या एका दिवसात मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी फुगा फुटला.

सकाळी दहा चाळीसला डॉक्टरांनी टाके बघितले आणि म्हणाले, “जा आता घरी.” मामींनी पिशव्या बांधल्या, चादर झटकली, मामांना पांढरा सदरा घातला. बारा वाजता मामी डेस्कवर. “डॉक्टरसाहेब सुट्टी झाली म्हणाले. मग आमाला कामून बसवून ठेवलाव?” मी म्हणालो, कंपनीकडून फायनल अप्रूव्हल यायचंय. ही आमची नेहमीची टेप. पण कंपनीकडं फाईल गेलीच नव्हती. डिस्चार्ज समरी टाईप व्हायची होती, सही करणारे डॉक्टर थिएटरमध्ये होते, मेडिकलवाल्याकडं उरलेल्या सलाईन परत करायच्या होत्या आणि एका रिपोर्टवर पॅथॉलॉजीचा शिक्काच नव्हता. फाईल गेली सव्वादोनला. अप्रूव्हल आलं चार पन्नासला.

डिस्चार्जच्या वेळी कंपनीनं तीन तासांत उत्तर द्यायचं, उशीर झाला तर त्या उशिरामुळं दवाखान्यानं जास्तीचे लावलेले पैसे कंपनीनं भागधारकांच्या निधीतून द्यायचे, असा नियम. लोकांनी मोबाईलवर वाचलेला असतो, तावातावानं दाखवतात. पण ते तीन तास आमची विनंती कंपनीला पोचल्यापासून मोजतात, डॉक्टर ‘जा घरी’ म्हणाल्यापासून नाही. कंपनीला लागले दोन तास पस्तीस मिनिटं, नियमात बसून. आम्हाला लागले तीन तास पस्तीस, आणि त्याला नियमच नाही.

पुढं कपात. तीन लाखांच्या विम्याच्या एक टक्का, म्हणजे रोजची तीन हजारांची खोली मंजूर, मामांना दिलेली चार हजारांची. मग त्याच प्रमाणात सर्जनची फी, थिएटरचा चार्ज, सगळं कंपनी पाऊणपटच देते. औषधं आणि तपासण्या त्यातून वगळायच्या असतात, ते मी रेघ मारून तपासलं, बरोबर होतं. कंपनी देत नाही ते हातमोजे वगैरे धरून मामांच्या वाट्याला अकरा हजार तीनशे आले. खोली देताना हे सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. दरपत्रकाचा बोर्ड २०२१ पासून दर्शनी भागात लावायचा आहे. आमचा वॉटर कूलरच्या मागं आहे, दर्शन घेतलंच तर पाणी पिताना.

काउंटरवरून पावती मिळाली पाच पस्तीसला. देवणीची शेवटची गाडी साडेपाचची. मामी काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “म्हशीची धार शेजारणीला सांगावी लागंल.” रात्री ते लातुरातच भाच्याकडं राहिले.

माझ्या शेजारच्या टेबलावर सरकारी मोफत उपचारांच्या फुले योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे पेशंटला मदत करणारा माणूस, बसतो. १ जुलै २०२४ पासून त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख, आणि कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. मराठवाड्यात शेतकऱ्यांचं पांढरं कार्ड आधीपासूनच चालायचं, आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत आपले सगळे जिल्हे असल्यामुळं. तो मित्र त्या दिवशी मला म्हणाला, “तुमच्या पेशंटला हप्ता भरूनही माझ्या पेशंटइतकंच बसावं लागतं की!”

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि चार रकाने पाडले : सुट्टी सांगितली, फाईल गेली, अप्रूव्हल आलं, पेशंट निघाला. पहिली ओळ मामांची. महिनाभरानं वही मॅनेजरसाहेबांना दाखवली. चाळीसएक नोंदींपैकी कंपनी तीन तासांच्या पुढं गेली होती सहा वेळा. आम्ही किती वेळा, ते त्यांनी स्वतः बोट लावून मोजलं. मग वही मिटून म्हणाले, “चांगलं काम केलंस. पण ही काउंटरवर ठेवू नको.”

वही खालच्या खणात आहे, पंचांगाखाली. नोंदी चालू आहेत. आज सुट्टी सव्वाअकराला सांगितली, फाईल गेली एक वाजता.