पावतीवरची तारीख

"माणुसकी असली की झालं, समाजकार्याला दोन वर्षं थिअरी कशाला शिकायची?" बेळगावात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण, केल्यापासून पाहुणेमंडळी मला हेच विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

फील्डवर्कला मला खानापूर तालुक्यातलं जंगलाकडचं एक गाव मिळालं होतं. बायका मराठी बोलणाऱ्या, पंचायतीतले अर्ज कन्नड. रोजगार हमीचं काम मागायचा सहा नंबरचा फॉर्म मी रात्री बसून भरायची, त्या अंगठा उठवायच्या. कारकून अर्ज ठेवून घ्यायचा आणि म्हणायचा, "नाळे बन्नी." उद्या या. दीड महिना हेच चाललं. त्या माणसाचा मला इतका राग यायचा की झोप लागायची नाही.

त्याच सुमारास वर्गात मायकल लिप्स्की शिकवला. अमेरिकेतल्या या राज्यशास्त्रज्ञाने १९८० साली मांडलं, की शिक्षक, पोलीस, कारकून यांच्याकडे माणसं फार आणि वेळ, साधनं तोकडी. दिवस निभवायला ते ज्या सवयी लावून घेतात, तेच लोकांच्या वाट्याला येणारं सरकारी धोरण. मी पुन्हा पंचायतीत गेले ती त्याचं टेबल बघायला. कागदांचे ढीग, एकच कॉम्प्युटर. आणि पावती मात्र कुणालाच नाही. कायदा सांगत होता, काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता. तारखेची पावतीच नसेल, तर ते १५ दिवस मोजायचे कुठून? राग धरून मला हे कधीच दिसलं नसतं.

मग जॅक रॉथमन आठवला, समाजकार्याचा अमेरिकन अभ्यासक. १९६८ साली त्याने समुदाय संघटनाच्या, म्हणजे लोकांना एकत्र आणून काम करण्याच्या, तीन वाटा सांगितल्या: लोकांनी मिळून गाव उभं करणं, तज्ज्ञांनी नियोजन करणं, आणि हक्कासाठी दबाव आणणं. मी एकीच्या बैठका घेत बसले होते, अडलं होतं हक्कापाशी. तिसरी वाट आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही खरं तर. १९८१ साली निपाणीत तंबाखूच्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला होता, ते इथल्या जुन्या माणसांना अजून आठवतं.

सगळंच शिक्षण असं उपयोगी पडलं नाही. माणूस, कुटुंब, समाज एकमेकांत कसे गुंतलेत हे दाखवणाऱ्या सिस्टीम थिअरीच्या चौकटी-बाणांतलं मला आजही फारसं काही वापरता आलेलं नाही. पण शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासक बाईने १९६९ साली मांडलेली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मनाला लागली. खालच्या पायऱ्यांवर लोक नुसते हजर असतात, वरच्यांवर निर्णय त्यांचा असतो. अर्ज मी भरायचे, पंचायतीत मी बोलायचे. बायकांना मीच खाली धरून ठेवलं होतं.

पुढच्या सोमवारी सगळ्याजणी एकदम जायचं ठरलं. पंचायतीच्या दारात एक मावशी मला म्हणाल्या, "पोरी, तू भायेर थांब. आमी बोलतो."

मी पायरीवर बसून राहिले. आत आवाज चढले, उतरले. दुपार कलल्यावर मावशी शिक्का मारलेला कागद घेऊन बाहेर आल्या. अक्षरं त्यांना येत नव्हती; आकडे यायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब त्याच ठेवायच्या. कागदावर बोट ठेवून त्यांनी तारीख दोनदा वाचली, आणि तिथंच उभ्या राहून बोटांच्या पेरांवर पंधरा दिवस मोजायला लागल्या.