गोल्डनरॉडच्या शीट्स: तिसरा महिना

जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा आणि अमेरिकेतल्या ॲरिझोना-युटामधल्या हर्बेरियमांनी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांनी) ऑनलाइन ठेवलेल्या गोल्डनरॉड या पिवळ्या तुऱ्याच्या रानफुलाच्या शीट्स, म्हणजे दाबलेला नमुना आणि लेबल चिकटवलेले कागद, मोठ्या करून बघायच्या आणि नमुना जिथला तिथे नकाशावर टिंब द्यायचं, हे गेले तीन महिने चालू आहे. या महिन्यात फक्त ग्रँड कॅन्यन.

सगळ्यात जास्त वेळ जुन्या लेबलांनी खाल्ला. नमुना सुरेख दाबलेला, तुरा शाबूत, आणि ठिकाण काय, तर नुसतं 'ग्रँड कॅन्यन'! दक्षिण कड साधारण ७,००० फुटांवर, तर तळातलं फँटम रँच २,५०० फुटांच्या आसपास. वर पाइनचं रान, खाली रखरखीत वाळवंट. उंची लिहिलेली नसेल तर अशा शीटला मी टिंब देतच नाही. याउलट कॅन्यनमधून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीच्या मैलांत लिहिलेली लेबलं बघून जीव सुखावतो. मोजणी कॅन्यनच्या वरच्या टोकाच्या लीज फेरीपासून, तिथे शून्य. बत्तिसावा मैल म्हणजे व्हेसीज पॅराडाइज, जिथे कड्यातून धबधबा थेट बाहेर पडतो. या नदीतून होड्यांनी गेलेल्या संशोधक जॉन वेस्ली पॉवेलने हे नाव जॉर्ज व्हेसी या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलं.

वाळवंटातल्या लेबलांवर एकच गोष्ट फिरून फिरून येते: पाझर, झरा, कड्याचा ओला पायथा. वालुकाश्मात मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडतं आणि कड्याच्या अंगातून झिरपतं. तिथल्या लटकत्या बागांमध्ये आपल्या हंसराजाचं भावंड असलेलं नेचंही वाढतं. ते नाव लेबलावर दिसलं की मला घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

ओळखीत मी एकदा चुकले. नदीकाठच्या काही शीट्स सॉलिडॅगो व्हेल्युटिना या गोल्डनरॉडच्या जातीत टाकल्या होत्या (सॉलिडॅगो हे गोल्डनरॉडचं शास्त्रीय नाव). पान मोठं करून पाहिलं तर बारीक ग्रंथींचे ठिपके, फुलांचे झुबके सपाट माथ्याचे. ती युथामिया ऑक्सिडेंटॅलिस ही वेगळी वनस्पती, जुन्या लेबलांवर तीही सॉलिडॅगोच. व्हेल्युटिनाच्या पानावर तीन शिरा उठून दिसतात, अंगावर आखूड मऊ लव असते आणि वाकलेल्या फांद्यांवर फुलं एकाच बाजूला बसतात. सगळा गठ्ठा पुन्हा तपासला.

नमुने कोणत्या महिन्यात गोळा केले, त्याचा तक्ताही मांडला. एल्झाडा क्लोव्हर आणि लॉइस जॉटर या वनस्पतिशास्त्रज्ञ १९३८ मध्ये होडीतून नमुने गोळा करत गेल्या, त्या जून-जुलैत. गोल्डनरॉडचा खरा बहर उन्हाळा सरताना येतो, आणि नुसत्या पानांचा नमुना ओळखायला अवघड. त्यामुळे नकाशावरच्या रिकाम्या जागांना 'इथे नाही' म्हणायचं मी थांबवलं आहे. टिंबाचा रंग आता महिन्याप्रमाणे देते.

पुढच्या महिन्यात नदीच्या वरच्या अंगाचं ग्लेन कॅन्यन. १९६३ मध्ये तिथल्या धरणाचे दरवाजे बंद झाले, त्याआधीची लेबलं वेगळी काढून ठेवली आहेत. त्यातली काही टिंबं धरणामागच्या लेक पॉवेल जलाशयाच्या पाण्यात पडतील. ती पुसायची नाहीत, फक्त पोकळ वर्तुळाने दाखवायची, असं ठरवलं आहे.