मिठाच्या दगडाची स्लाइड करताना झालेली फजिती

एमएस्सीच्या डेझर्टेशनला मला हंसेरन इव्हॅपोराइटच्या (खारं पाणी आटून बनलेल्या दगडाच्या) कोअरचे, म्हणजे बोअरमधून निघालेल्या दगडी दांड्याचे तुकडे मिळाले, म्हणजे राजस्थानच्या नागौर-गंगानगर बेसिनमधलं मीठ, 50 कोटी वर्षांहून जुनं. जमिनीवर ते कुठंच दिसत नाही, बोअर मारले तेव्हाच हाती लागलं. राजस्थानातल्याच बिलाराचा डोलोमाइट (चुनखडीसारखा दगड) मात्र वर उघडा आहे, तो ओळखायला सोपा गेला, अॅसिड टाकलं तर नुसता बसून राहतो, खरवडून पावडर केली की मग बुडबुडे.

आता आपण नागपूरवाले, हात बसलेला बेसाल्टवर. काचेवर कार्बोरंडम (घासायची कडक पावडर), पाणी, अन् घासत बसा, दगड 0.03 मिमी होईस्तोवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकात त्यातून उजेड आरपार जातो. तसंच केलं. थोड्या वेळात तुकड्याला भोकं, ट्रेमधलं पाणी खारट (हो चाखलं, तुम्ही नका चाखू). सिनियर म्हणे, "काय करून राहिला बे, मीठ पाण्यानं घासते का कोणी?"

मग पाण्याऐवजी लिक्विड पॅराफिन. मेडिकलमध्ये चार बाटल्या मागितल्या, दुकानदार बघतच राहिला, कारण ते लोक पोट साफ व्हायला घेतात, त्याला दगड घासायचाय म्हणून सांगितलं तर आणखीच बघायला लागला.

दुसरी चूक हॉट प्लेटची. तुकडा काचेला चिकटवायचं इपॉक्सी लवकर सुकावं म्हणून तुकडा तापवला, आणि मिठासोबतच्या अॅनहायड्राइट खनिजाच्या कडेला जे थोडं जिप्सम (पाणी धरलेलं त्याचंच रूप) झालं होतं त्यातलं पाणी उडून ते पांढरं पिठूळ झालं. तेव्हापासून रात्रभर तसंच ठेवायचं, घाई नाही.

आणि हे सगळं जुलैत! हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपोआप पाझरायला लागतं, सकाळी स्लाइडला घाम. घरातल्या सगळ्या बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या काढून स्टीलच्या डब्यात टाकल्या, आई विचारत होती डबा कुठं गेला.

शेवटी एक स्लाइड जमली. सूक्ष्मदर्शकात क्रॉस निकोलमध्ये (दोन आडवे-उभे पोलरायझर लावून) अॅनहायड्राइट मस्त गुलाबी-हिरवा चमकला, पण मधे मोठा काळा ठिपका, स्लाइड ठेवायचा स्टेज फिरवला तरी काळाच. पोटात गोळा आला, परत भोक पडलं म्हणून. मग अॅनालायझर (वरचा पोलरायझर) बाहेर काढला, तर त्या ठिपक्यात काटकोनात चिरा. हॅलाइट होता तो, म्हणजे आपलं मीठच, आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशांना प्रकाशाला सारखाच), क्रॉस निकोलमध्ये काळाच दिसणार.