मॅडम, फुलीच दिसून नाही राहिली

शाळेत डोळा हा भौतिकशास्त्राच्या ताब्यात असतो. दहावीच्या पुस्तकात तो येतो भिंग, नाभीय अंतर आणि चष्म्याचे नंबर घेऊन. किरण वळले, दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडली, मेंदूच्या वाट्याला एखाद-दुसरं वाक्य आलं, की धडा संपला. अकरावीच्या जीवशास्त्रात थोडं जास्त होतं, पण अभ्यासक्रम हलका करताना डोळा-कान त्यातूनही गेले. मी इंदुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. चेतासंस्थेचा धडा आला की काढून टाकलेला डोळा मी परत वर्गात आणते. नीटच्या मागे लागलेले पालक विचारतात, "परीक्षेत नाही तर कशाला, मॅडम?" मेंदू शिकवायचा तर डोळ्याइतकी सोपी वाट नाही, प्रयोगशाळासुद्धा लागत नाही, असं मी सांगते. पटतं का ते माहीत नाही, पण मुलं खूश असतात.

मागच्या वर्षी गणिताचे सर रजेवर होते म्हणून मला दोन तास जोडून मिळाले. सुरुवात पेनाच्या टोपणाने केली. एकाने पेन आडवं धरायचं, दुसऱ्याने हात लांब ठेवून एका झटक्यात त्याला टोपण घालायचं. दोन्ही डोळे उघडे असले तर बहुतेकांना जमतं. एक डोळा मिटला की टोपण पेनाच्या अलीकडून नाहीतर पलीकडून निघून जातं. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना मिळणारी चित्रं किंचित वेगळी असतात. डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या दृष्टीच्या भागात, त्या फरकावरून वस्तू किती लांब आहे हे काढणाऱ्या पेशी असतात. एवढं सांगेपर्यंत वर्गात टोपणांचा नुसता धिंगाणा चालला होता.

शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीला मात्र एक डोळा मिटूनही जमेना आणि दोन्ही उघडे ठेवूनही जमेना. "भिया, इसका निशाना ही ऐसा है," मागून कोणीतरी ओरडलं. थ्रोबॉलमध्ये तिच्या हातून बॉल सुटायचाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीही हसली. आपण वेंधळ्या आहोत हे तिने कधीचंच मान्य करून टाकलं होतं. मी काही बोलले नाही, पण डोळा तिच्यावर ठेवला.

मग अंधबिंदू. चौकटीच्या वहीच्या पानावर डावीकडे फुली, तिच्यापासून आठ सेंटिमीटरवर उजवीकडे ठसठशीत ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फुलीकडेच बघायचं आणि वही हळूहळू जवळ आणायची. तीसेक सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. एडम मारिओत या फ्रेंच माणसाने हे १६६० च्या दशकात दाखवलं, आणि मुलांचा अजूनही त्यावर विश्वास बसत नाही. "गायब! भिया, गायब!" असा कल्ला होतो. घरात वायरिंग भिंतीवरून केलेलं असावं आणि साऱ्या वायरी एकाच भोकातून बाहेर काढाव्यात, तसं आपलं दृष्टिपटल आहे. बारा कोटींच्या आसपास प्रकाशपेशी, त्यांच्या पुढून जाणारे दहा लाखांवर तंतू, आणि ते तंतू एकत्र होऊन जिथून बाहेर पडतात तिथे बघणारी पेशी एकही नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागच्या बाजूने निघतात, म्हणून त्याला अंधबिंदू नसतो. हे ऐकून एका मुलाला फारच अपमान वाटला.

मला खरी गंमत पुढच्या प्रश्नात वाटते. ठिपका गेला, पण त्याच्या जागी काय दिसतंय? भोक नाही, काळा डागही नाही. वहीच्या चौकटी सरळ चालू राहिलेल्या दिसतात. त्या जागेची कुठलीच बातमी डोळ्याकडून आलेली नसते. आजूबाजूला चौकटी आहेत, म्हणजे इथेही असणार, असं मेंदूने परस्पर ठरवून टाकलेलं असतं. वर्ग इथे दोन क्षण गप्प होतो. मी त्याचीच वाट बघत असते.

"आता वही उलटी धरा, उजवा डोळा झाका." डाव्या डोळ्याचा अंधबिंदू डावीकडे असतो, म्हणून आता ठिपका डावीकडे हवा. पुन्हा कल्ला. आणि त्यात ती मुलगी मला हळूच म्हणाली, "मॅडम, ठिपक्याचं सोडा, मला तर फुलीच दिसून नाही राहिली." आमचा वर्ग चालतो हिंदी-इंग्रजीत, पण ती माझ्याशी बोलते घरच्या इंदुरी मराठीत.

मी तिला त्याच डोळ्याने फळ्यावरची तारीख वाचायला सांगितली. तिला आकडे एकमेकांत मिसळलेले दिसत होते. उजव्या डोळ्याने शेवटच्या बाकावरूनही सगळं स्वच्छ. "पण शाळेत तपासणी झाली होती ना मॅडम, मी पास झाले होते." कशी झाली होती? हाताने डोळा झाकून. बोटांच्या फटीतून चांगल्या डोळ्याने बघता येतं, आणि आधी त्याच डोळ्याने वाचलेला तक्ता तोवर पाठही झालेला असतो. यात मुलं मुद्दाम लबाडी करत नाहीत. त्यांना सगळं नीट वाचायचं असतं, एवढंच. असल्या तपासणीला मी तपासणी म्हणत नाही. मोठ्या रांगेत मिनिटाला दोन मुलं उरकायची, तर दुसरं काय होणार.

पुढच्या तासाला काय सांगायचं हे मी ठरवून आले होते: डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल, मेंदूला दिसतं कसं हे शोधणारे दोन शास्त्रज्ञ. त्यांच्या गोष्टीचे दोन भाग आहेत. त्या दिवशी मी पहिलाच सांगितला. १९५८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीला बारीक इलेक्ट्रोड लावून तिचे विद्युत संकेत ऐकत होते. डोळ्यापुढे काचेच्या स्लाइडवरचे ठिपके दाखवले तर पेशी ढिम्म. स्लाइड बदलताना मात्र काचेच्या कडेची पुसट रेघ पडद्यावरून सरकली आणि पेशी एकदम तडतडायला लागली. तिला हवी होती रेघ, आणि तीही ठरावीक कोनातली. १९८१ चं नोबेल ज्या कामाला मिळालं त्याची सुरुवात ही अशी. दुसरा भाग त्या मुलीसमोर, तिला काही कळायच्या आत, भर वर्गात सांगणं मला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी शाळेत आली आजी. "मॅडम, पोरीचा डोळा कधी तिरळा नाही, कधी लाल नाही, कधी तक्रार नाही." तेच तर. एक डोळा सगळं काम करत असला की तक्रार करणार कोण? घरी वडिलांचा सूर वेगळा होता. मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचं काय. आजी म्हणाल्या, "मी याला सांगितलं, तुझी आई चष्मा लावूनच मांडवात उभी होती, तुझ्या वडिलांनी काही परत पाठवली नाही." आणि डॉक्टरांकडे त्याच घेऊन गेल्या.

मुलगी फाइल घेऊन माझ्याकडे आली ती नंबर दाखवायला नाही, भांडायलाच. उजव्या डोळ्याला जवळजवळ काही नाही, डाव्याला अधिक साडेचार. पडदा चांगला, नस चांगली. पण योग्य भिंग लावूनही डाव्या डोळ्याने तक्त्याच्या वरच्या तीन-चार ओळींच्या खाली जाता येत नव्हतं. "मॅडम, दूरदृष्टिता, बहिर्वक्र भिंग, प्रतिमा पडद्यावर. दहावीत मी हेच काढून पाचपैकी पाच घेतलेत. आता प्रतिमा पडद्यावर पडतेय ना? मग दिसत का नाही?"

इतकी वर्षं शिकवतेय, इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

मग मी तिला दुसरा भाग सांगितला. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या लहान पिल्लांच्या एका डोळ्याची पापणी शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. १९६३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. डोळा धडधाकट होता, पण मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता फक्त दुसऱ्या डोळ्याचं ऐकत होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर असं काही होत नव्हतं. म्हणजे बालपणात एक काळ असा असतो की दोन डोळे मेंदूतल्या जागेसाठी झगडतात, आणि ज्याचं चित्र सतत अंधुक तो हरतो. तिच्या डाव्या डोळ्याला लहानपणी, चष्म्याशिवाय, स्वच्छ चित्र कधी मिळालंच नव्हतं. डॉक्टर याला अँब्लियोपिया म्हणतात, लोक आळशी डोळा म्हणतात. टोपण पेनावर न बसणं आणि बॉल सुटणं यांचं मूळही बहुधा तिथेच होतं. तिला मांजरांचं वाईट वाटलं. मग म्हणाली, "म्हणजे मी वेंधळी नाही."

पुढच्या तासाला वर्गाला ही गोष्ट तिनेच सांगितली, फळ्यावर आकृती काढून. मी मागच्या बाकावर बसले होते.

सोळाव्या वर्षी उपचाराला अर्थ आहे का, यावर पूर्वी बरेच जण सरळ नाही म्हणत. २००५ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले, ७ ते १७ वयाच्या ५०७ मुलांवरचे. १३ ते १७ वयातल्या ज्या मुलांवर आधी कधी उपचारच झाले नव्हते, त्यांच्यात चष्म्याबरोबर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधल्यावर ४७ टक्क्यांना तक्त्यावर दोन किंवा जास्त ओळी पुढे जाता आलं. नुसत्या चष्म्यावर हेच प्रमाण २० टक्के होतं. तिच्या डॉक्टरांनीही आधी चष्मा आणि मग पट्टी सांगितली. पट्टी लावून ती संध्याकाळी आजीला पेपर वाचून दाखवते, सुरुवातीला फक्त मथळे. आता तीन ओळी पुढे आली आहे. बॉल अजून सुटतो.

या वर्षी मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून बालवाडी आणि पहिलीची तपासणी पुन्हा करून घेतली. सोबत एक ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणारे तज्ज्ञ, आणि मदतीला आमचे बारावीचे विद्यार्थी. डोळा झाकायला हात नाही, चहाचा कागदी कप. अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठी 'ई'चा तक्ता, त्याची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचं. पहिल्याच दिवशी एक पोरगा कपाच्या कडेतून बघताना आमच्या त्याच मुलीच्या तावडीत सापडला. "ए, मी पण असंच करायचे," म्हणत तिने त्याचा कप घट्ट बसवला, तक्ता उलटा टांगला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा विचारायला लागली.