रणभूमीची हद्द कुठे आखायची?

वारसा-संवर्धनाचा कोणताही आराखडा हाती आला की मी मजकुराआधी नकाशा उलगडतो. किल्ला, मंदिर किंवा जुना वाडा असेल, तर त्याभोवती स्वच्छ रेघ ओढलेली दिसते. रणभूमीच्या जागी मात्र बहुतेक वेळा नुसता एक ठिपका असतो, आणि प्रत्यक्षात त्या ठिपक्यावर एखादा स्मारकस्तंभ उभा असतो. हजारो माणसे आणि घोडे दिवसभर ज्या जमिनीवर मागेपुढे झाले, ती जमीन ठिपक्यात मावणारी नसते. तरीही संरक्षण मिळते ते ठिपक्याला, आणि भोवतालचे शिवार रस्ते, गोदामे व वसाहतींना मोकळे राहते. रणभूमी ही वास्तू नाही, ती भूरचना आहे, आणि तिची हद्द विचारपूर्वक आखणे हेच तिच्या संवर्धनातले सर्वांत अवघड काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

स्मारक आणि रणभूमी यांची गल्लत किती महाग पडते, हे वॉटर्लूला दिसते. नेपोलियनविरुद्धच्या 1815 च्या लढाईत ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने आपले बरेचसे सैन्य एका लांबट उंचवट्याच्या मागच्या उतारावर, शत्रूच्या नजरेआड ठेवले होते. पुढे 1826 मध्ये तिथे सुमारे चाळीस मीटर उंचीची, माथ्यावर सिंह असलेली टेकडी पूर्ण झाली, आणि तिच्यासाठी लागलेली माती काढली गेली ती त्याच उंचवट्यावरून. लढाईची आठवण राहावी म्हणून लढाईचा सर्वांत बोलका पुरावाच खरवडला गेला. बेल्जियमने 1914 मध्ये त्या रणभूमीसाठी खास कायदा केला, पण गेलेला उंचवटा कायद्याने परत येत नाही.

मग हद्द ठरवायची कशी? अमेरिकेत यासाठी सैन्याचीच एक जुनी पद्धत वापरतात. मोक्याची जागा कोणती, कुठून कुठवर दिसत होते, आडोसा कुठे होता, अडथळे कोणते होते, आणि सैन्य कोणत्या वाटेने आले व गेले, हे पाच प्रश्न हातात घेऊन समकालीन पत्रे आणि नकाशे यांच्यासह जमीन पायी तुडवायची. पायी जाणे यात महत्त्वाचे आहे, कारण कमरेइतका खोलगट भाग नकाशावरच्या समोच्च रेषांत अनेकदा उमटतच नाही. त्यात उतरल्यावर समोरचा माथा दिसेनासा होतो, तेव्हा एखादी तुकडी इथवर सुखरूप कशी पोहोचली याचा उलगडा होतो. या अभ्यासातून एकाऐवजी तीन रेषा निघतात: लढाईशी संबंधित सगळा परिसर, प्रत्यक्ष चकमकीचा गाभा, आणि आजही मूळ रूप टिकवून असलेला भाग. या तिन्हींतली तफावत पाहिली की पैसा आणि वेळ आधी कुठे लावायचा, ते कळते. तिथल्या यादवी युद्धाच्या 384 प्रमुख रणभूमींची पाहणी करणाऱ्या आयोगाने 1993 च्या अहवालात महत्त्व, सुस्थिती आणि धोका यांच्या आधारे असाच अग्रक्रम लावला होता.

कागदपत्रांवर विसंबून चालत नाही, हे इंग्लंडमधल्या बॉसवर्थने शिकवले. 1485 ची ही लढाई अँबियन टेकडीवर झाली असे मानून स्मृतिकेंद्रही तिथेच उभारले गेले. 2005 ते 2009 च्या शोधमोहिमेत मात्र तोफगोळे आणि या लढाईत मारला गेलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे चिन्ह असलेला रानडुकराचा छोटा चांदीचा बिल्ला सापडला तो सुमारे तीन किलोमीटर दूरच्या शेतांत. हद्द घाईने पक्की केली, तर संरक्षण चुकीच्या जमिनीला मिळू शकते.

हा पुरावा असतो तरी किती नाजूक! शिशाची गोळी तळहातावर घेतली, तर वर पांढुरकी पुटे दिसतात. ती पूर्ण गोल असेल, तर बहुधा कुणाच्या हातून पडलेली. एका बाजूने चपटी झाली असेल, तर कशावर तरी आदळलेली. असा फरक शेकडो गोळ्यांच्या बाबतीत नकाशावर मांडला की फळी कुठे उभी होती ते दिसू लागते. अमेरिकी सैन्य आणि तिथले मूलनिवासी यांच्यात 1876 मध्ये लढाई झालेल्या लिटल बिगहॉर्नला 1983 च्या वणव्यात गवत जळाल्यावर संशोधकांनी धातुशोधक यंत्रांनी रणभूमी पिंजून काढली, आणि काडतुसांच्या पुंगळ्यांवरच्या खुणांवरून एकेका बंदुकीचा मैदानातला प्रवास जुळवला. हीच गोळी हौसेने उचलून खिशात घातली, तर ती केवळ शिशाचा तुकडा उरते. म्हणून अनधिकृत शोधाला पायबंद हे कलम प्रत्येक आराखड्यात पहिल्या पानांवर असावे, परिशिष्टात नव्हे.

जमीन शेतकऱ्याची असेल, तर त्याला शत्रू मानण्यासारखी दुसरी चूक नाही. कुरण किंवा उथळ नांगरट असलेले शेत हे रणभूमीचे उत्तम राखणदार असते. खोल नांगरट, सपाटीकरण आणि बांधकाम मात्र ती संपवतात. त्यामुळे सगळी जमीन विकत घेण्यापेक्षा मालकी शेतकऱ्याकडेच ठेवून बांधकामाचा हक्क मोबदला देऊन कायमचा सोडवून घेणारा करार मला अधिक शहाणपणाचा वाटतो. नुसत्या नोंदणीवर विसंबणे पुरेसे नाही. इंग्लंडमध्ये 1995 पासून रणभूमींची अधिकृत नोंदवही आहे, पण नियोजनाचे निर्णय घेताना तिचा विचार करावा लागतो, एवढेच. बॉसवर्थच्या नोंदणीकृत क्षेत्राच्या कडेला वाहनचाचणीच्या मार्गाला 2018 मध्ये मंजुरी मिळालीच.

आणि पर्यटकांच्या सोयी. आराखड्यात मी सर्वांत आधी वाहनतळ शोधतो, कारण देखावा चांगला म्हणून तो हमखास मोक्याच्या उंचवट्यावर आखलेला असतो. अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गला 1863 च्या नव्हे, तर 1962 च्या हातांनी ही चूक केली: लढाईच्या भव्य वर्तुळाकार चित्रासाठीची इमारत थेट उत्तरेच्या सैन्याच्या फळीवर बांधली गेली. ती 2013 मध्ये पाडली, आणि तिथली जमीन 1863 मध्ये होती तशी करण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.